बोलणारे चित्ररथ

चित्ररथ म्हटला की आपल्या गोंयकारांच्या डोळ्यांपुढे शिगमो उभा राहतो. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव... ढोल-ताशांचा गजर, रोमटामेळ आणि मागून मान हलवत, तोंडातून धूर सोडत येणारा एखादा अक्राळविक्राळ राक्षस. ते वैभव आपलंच. पण चोर्ला घाट चढून बेळगावात गेलं की चित्ररथाचा वेगळाच अवतार पाहायला मिळतो. आपले चित्ररथ हलतात, बेळगावचे बोलतात!

ही मिरवणूक शिवजयंतीची. महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, पण बेळगावकरांनी वैशाख शुद्ध द्वितीया सोडलेली नाही. यात परंपरेचा अभिमान आहेच, पण सोयही आहे. तोवर परीक्षा संपलेल्या असतात, शाळा-कॉलेजांना सुट्टी असते. पुण्याला शिकणारा, वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगाही चार दिवस रजा टाकून गल्लीत परततो. गणपतीला कोकणी माणूस घरी येतो ना, तसंच हे.

तयारी आधीपासून चालते. आधी देखावा ठरतो. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड, राज्याभिषेक. चौकात रथ थांबतो तो थोडा वेळच, तेवढ्यात सुरू होऊन संपेल असाच प्रसंग लागतो. मग ट्रॉलीचं माप घ्यायचं. बांबू, फळ्या, प्लायवूड, थर्माकोल यांतून गड किंवा दरबार उभा करायचा. गोणपाटावर रंग चढवला की लांबून कातळ वाटतो. वर दहा-बारा मावळे नाचणार, म्हणून तळ भक्कम हवा. बुरूज फार उंच करून चालत नाही, कारण जुन्या बेळगावच्या गल्ल्या अरुंद आणि डोक्यावर विजेच्या तारा. मिरवणुकीत एक जण लांब बांबू घेऊन तारा उचलायलाच असतो. रथावरच्या शिवाजीइतकंच महत्त्वाचं काम, पण त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही!

नरगुंदकर भावे चौकातून मिरवणूक निघते ती पहाटेपर्यंत चालते. चौक आला की रथ थांबतो, देखावा होतो, संवाद होतात आणि रथ पुढे सरकतो. तोच खान एका रात्रीत किती वेळा मरतो, त्याची गणती नाही.

मला खरं अप्रूप वाटतं ते त्या संवादांचं. एकदा तालमीत एका मावळ्याला विचारलं, "एवढं सगळं पाठ कसं करतोस रे?" तो म्हणाला, "पाठ कुठलं काका, रोज बोलायलोय, आपोआप तोंडात बसतंय." शाळा इंग्रजी माध्यमाची. घरचं मराठी हे असं बेळगावी, गोड. आणि रथावर चढला की तोच मुलगा 'आम्ही', 'आपण', 'मुजरा' असं भारदस्त मराठी खणखणीत बोलतो. ते त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागेल तेव्हा लागेल, मुलं मात्र मोठी होत राहतात. निपाणीच्या मुलाला निदान देवचंद कॉलेज जवळ आहे. ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात! बेळगावच्या मुलाच्या दाराशी अशी सोय नाही. त्याच्यासाठी वैशाखातली ही ट्रॉली म्हणजे एका रात्रीची मराठी शाळाच.

त्याच बेळगावात १ नोव्हेंबरला एकीकडे मराठी माणूस काळा दिन पाळतो आणि दुसरीकडे कन्नड राज्योत्सवाचे चित्ररथ निघतात. ट्रॉली तशीच, बांबू तसेच, वर चढलेली पोरंही त्याच वयाची. आपली भाषा सजवून रस्त्यावर आणावी, ही हौस दोघांचीही. वाद न्यायालयात असू दे, या हौसेचं मला तरी वैर वाटत नाही.

भीती वाटते ती डीजेची. अलीकडे त्याच्या दणदणाटात संवाद बुडून जातात. भिंती थरथरतात, पण बाजीप्रभू काय म्हणाला ते पुढच्या रांगेलाही कळत नाही. बोलणं गेलं तर मागे उरेल ते नुसतं थर्माकोल.

पुढल्या वैशाखात जमलं तर जाऊन या. थोडं लवकर जा आणि संवाद ऐकू येतील अशी जागा धरा.