‘काल आपण म्हणत होतो...’

बालमित्रांनो, चला, आज स्पेनमधल्या सालामांका गावी जाऊ या. माद्रिदच्या वायव्येला, तोर्मेस नदीच्या काठी हे जुनं गाव वसलंय. इथल्या इमारतींचा दगड उन्हात असा काही झळाळतो, की लोक गावाला ‘सोनेरी’च म्हणतात. इथलं विद्यापीठ १२१८ सालचं! स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरणही इथंच १४९२ साली निघालं.

विद्यापीठात गेलात, की एक जुना वर्ग जरूर पाहा. ओबडधोबड लाकडांची बाकं आणि समोर गुरुजींचं उंच आसन. फ्राय लुईस दे लेओन हे धर्मगुरू या विद्यापीठात शिकवत. बायबलचा एक भाग त्यांनी लोकांच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये आणला. त्या काळी याला बंदी होती! असे आरोप ठेवून १५७२ साली त्यांना पकडलं. सुटका झाली ती थेट १५७६ च्या अखेरीस.

आख्यायिका अशी, की सुटल्यावर ते वर्गात आले. सगळे कान टवकारून बसलेले. आता गुरुजी तुरुंगातले हाल सांगणार! पण ते शांतपणे म्हणाले, “देथिआमोस आयेर...” म्हणजे “काल आपण म्हणत होतो...” (तेव्हा शिकवणं लॅटिनमध्ये चाले, पण स्पेनमध्ये ही गोष्ट अशीच सांगतात.)

आता गंमत पाहा हं. स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपं आहेत. काम होऊन संपलं, तर ‘दिहिमोस’, म्हणजे आपण म्हणालो. काम चालू होतं किंवा नेहमी होत असे, तर ‘देथिआमोस’, म्हणजे आपण म्हणत होतो. ‘काल’ आला, की सहसा पहिलं रूप येतं. गुरुजींनी मात्र दुसरं घेतलं. ‘म्हणालो’ म्हटलं असतं, तर तास केव्हाच संपला असता. ‘म्हणत होतो’ म्हटलं आणि मधली सारी वर्षं पुसली गेली. तास आपला चालूच!

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना इथं घाम फुटतो. तुम्हाला नाही फुटणार! आजीची गोष्ट आठवा. ‘एक राजा होता. तो रोज शिकारीला जायचा. एके दिवशी त्याला सिंह दिसला.’ यातले ‘होता’ आणि ‘जायचा’ स्पॅनिशमध्ये दुसऱ्या रूपात जातील, ‘दिसला’ पहिल्या.

आज शाळेतली हकिगत घरी सांगाल, तेव्हा लक्ष ठेवा बरं. कुठं ‘झालं’ म्हणता आणि कुठं ‘होत होतं’?