डाग आणि गोंदण

जुनीं छायाचित्रें दुरुस्त करण्याचा छंद मला लागला आहे असें कळतांच नातेवाइकांनीं मोठ्या उत्साहानें आपापल्या ट्रंका उघडल्या. जळगांवच्या उन्हाळ्यांत दुपारीं बाहेर पडण्याची सोय नसते. पारा ४५ अंशांच्या घरांत गेला म्हणजे दारें-खिडक्या लावून पंख्याखालीं पडून राहणें एवढाच पुरुषार्थ उरतो. अशा वेळीं मी संगणकापुढें बसून कोणाच्या आजोबांच्या पागोट्यावरची बुरशी पुसतों, तर कोणा बटूच्या गालावरून गेलेली भेग बुजवितों.

हें काम मी ‘जिंप’ नांवाच्या प्रणालीवर करतों. बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं ती रचावयास घेतली आणि पुढें जगाला फुकट देऊन टाकली. फुकटच्या वस्तूकडे आमच्या घरांत ज्या संशयानें पाहतात त्याच संशयानें मींही तिच्याकडे प्रथम पाहिलें; आणि पहिले पंधरा दिवस तिनें मला रडविलेंही. कुंचला फिरवावा आणि चित्रावर कांहींच उमटूं नये! दोन वेळां प्रणाली काढून पुन्हां बसविली. अखेर कळलें कीं, कोठेंतरी कोपऱ्यांत मीं मागें आंखलेली निवड तशीच राहून गेली होती, आणि कुंचला तिच्या कुंपणाबाहेर जात नाहीं. दुसऱ्या वेळीं निवड नव्हती. पण ज्या थरावर मी आहें असें मला वाटत होतें त्या थरावर मी नव्हतोंच. आतां एखादा नवशिका तक्रार घेऊन आला तर मी त्याला आधीं ‘निवड रद्द कर’ म्हणतों, मग ‘कोणत्या थरावर आहेस तें पाहा’ म्हणतों. बहुतेक दुखणीं तेवढ्यानें बरीं होतात.

माझें दुखणें मात्र याहून निराळें होतें.

धुळ्याच्या मामांकडे आजीचें, म्हणजे माझ्या आईच्या आईचें, एकच छायाचित्र आहे. कित्येक पावसाळ्यांची ओल पिऊन तें चौकटीच्या कांचेला चिकटून बसलें होतें. असें चिकटलेलें चित्र सोलूं नये. सोललें तर चेहरा कांचेवर राहतो आणि हातांत कोरा कागद येतो. तेवढी अक्कल मला होती. मीं कांचेसकटच तें स्कॅनरवर पालथें घातलें. माझ्या स्वस्त, पातळ स्कॅनरची नजर कांचेपलीकडे पोंचेना, म्हणून एका मित्राचा जुना जाड स्कॅनर मागून आणला आणि इंचाला ६०० बिंदु या हिशेबानें प्रत घेतली. चौकट धुळ्याला परत गेली.

तीन दुपारी मी आजीच्या चेहऱ्याशीं खपलों. पिवळेपणा काढला, काळें-पांढरें नीट वेगळें केलें, आणि मग शेजारची निरोगी कातडी उचलून डागावर बसविणारें जें हत्यार आहे तें घेऊन एकेक ठिपका टिपला. या हत्याराची नशा कांहीं और आहे. एक डाग गेला कीं हात आपोआप दुसऱ्याकडे वळतो. ही प्रणाली बिचारी, ‘जतन कर’ म्हटलें कीं थरांसह आपल्याच पद्धतीनें चित्र ठेवते; २०१२ सालच्या आवृत्तीपासून तिची ती रीतच आहे. पण त्या ‘एक्ससीएफ’ फाइली मला अडगळ वाटत. मूळ फाइलीवरच लिहिण्याची एक आज्ञा तिच्यांत आहे. ती देऊन मी रोज मोकळा होत असें.

छापून, चौकटींत बसवून तें चित्र मीं आईच्या हातीं दिलें. तिनें तें खिडकीपाशीं नेलें, बराच वेळ पाहिलें आणि मांडीवर पालथें ठेवलें.

“हाई मनी माय नही,” ती म्हणाली.

आई आमच्याशीं अहिराणींत क्वचितच बोलते. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “हनुवटीवरचें गोंदण कुठें गेलें रे?”

हनुवटीवरचे ते तीन ठिपके मीं बुरशी समजून पुसले होते. कानशिलावरचा देवीचा वण त्यांच्याच बरोबर गेला होता. मी धांवत संगणकाकडे गेलों. पण प्रणाली एकदां बंद केली कीं मागच्या पावलांची आठवण तिच्यापाशीं राहत नाहीं, आणि मूळ फाइलीवर मींच तीन वेळां लिहिलें होतें. ‘जेपेग’ पद्धतींत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळून टाकतात. बदल करून पुन्हां सांठविलें कीं आणखी थोडा गाळला जातो. म्हणजे जें मीं पुसलें नव्हतें तेंही थोडें थोडें पुसलें गेलें होतें. रात्रीं मीं कुंचल्यानें तीन ठिपके काढून पाहिले. सकाळीं आई नुसती म्हणाली, “हे तूं काढलेस.”

अजिंठ्याचीं लेणीं आमच्यापासून फार दूर नाहींत. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून आणविलेल्या तज्ज्ञांनीं तेथील सुटूं लागलेलीं चित्रें पक्कीं केलीं आणि त्यांवर लाखेचें रोगण दिलें. हेतु उत्तमच होता. पुढें तें रोगण पिवळें पडलें, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तें उतरवीत बसावें लागलें. निदान त्या रोगणाखालीं चित्र शिल्लक होतें. माझ्या रोगणाखालीं कांहींच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं एस. टी.नें एरंडोल, पारोळ्यावरून धुळें गांठलें. मामांच्या घरीं रंगकाम चाललेलें. भिंती उघड्या, सामान अंगणांत. चौकट कोठें आहे हें कोणालाच सांगतां येईना. “अरे, तूं नवी करून देणार होतास ना?” मामा म्हणाले, आणि माझ्या पोटांत गोळा आला. तासाभरानें ती गाद्यांच्या वळकटींत निघाली. कांचेला एक नवी चीर गेली होती, पण चेहरा शाबूत होता.

आतां मूळ प्रत मी ‘टिफ’ पद्धतीनें ठेवतों, तिला हात लावीत नाहीं आणि प्रत्येक काम वेगळ्या थरावर करतों. प्रतीही तीन ठिकाणीं असतात. ज्यानें अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्या मेजर गिलच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें एकाच आगींत जळून गेल्या.

या खेपेस आईला शेजारीं बसविलें. एकेक ठिपका मोठा करून दाखवीत मी विचारी, “हा डाग कीं खूण?” तिनें गोंदणाचे तिन्ही ठिपके ओळखले, वण ओळखला, नथीच्या भोंकाशेजारचा एक ओरखडा मात्र बिनधास्त पुसावयास सांगितला. उजव्या भुंवईवरच्या एका ठिपक्यापाशीं ती अडली. मग म्हणाली, “तीळ असेल.” मामांना टेलिफोन केला, त्यांच्या मतें ती बुरशीच. दोघांचा वाद अर्धा तास चालला आणि मिटला नाहीं. तो ठिपका मीं एका स्वतंत्र थरानें झांकला आहे. तो थर मिटून छापलेली जळगांवची प्रत तीळ दाखविते. धुळ्याच्या प्रतींत तीळ नाहीं.