सात इंच पाऊस आणि बलदचा लोणा



२४ नोव्हेंबर २०२२ ची सकाळ. जेद्दात ढग भरून आलेले. ऑफिसमधल्या मल्याळी मित्राचा फोन आला, "भाई, आज निकलना मत." मी हसलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तेव्हा कॉलेजातून कमरेएवढ्या पाण्यातून घरी पोचलेला मी. इथल्या पावसाला काय भ्यायचं? गाडी काढली. एका अंडरपासपाशी पाणी बॉनेटवर आलं, दार उघडेना. शेवटी एका टेम्पोवाल्या पठाणाने मला खिडकीतून बाहेर ओढलं.

दक्षिण जेद्दात त्या दिवशी सहा तासांत १७९ मिमी पडला. रात्री फोनवर आई म्हणाली, "सातच इंच? त्यात काय एवढं?"

पण इथे वर्षभरातच जेमतेम दोन-अडीच इंच पडतो. पूर्वेच्या डोंगरातून कोरडे ओढे (इथे 'वादी' म्हणतात) समुद्राकडे येतात आणि शहर त्यांच्या वाटेत आडवं पसरलंय. नोव्हेंबर २००९ च्या पुरात शंभरावर माणसं गेली. मग बंधारे, कालवे झाले, तरी २०२२ आलंच. मिठी नदीकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

बलदमध्ये मात्र पाणी खालूनही येतं. २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली ही जुनी वस्ती. घरं प्रवाळाच्या दगडाची, वर लाकडी जाळीच्या खिडक्या. शहरात वर्षानुवर्षं ड्रेनेज अपुरं, घरोघरी शोषखड्डे. टँकर मैला उपसून शहराबाहेरच्या तळ्यात ओतायचे, आणि त्या तळ्याचं नाव काय, तर 'मिस्क', म्हणजे कस्तुरी! (२००९ नंतर ते रिकामं केलं.) समुद्राचं पाणी एवढा खर्च करून गोडं करायचं आणि ते खड्ड्यांतून, फुटक्या पायपांतून जमिनीत मुरवायचं. भूजल चढतं, सच्छिद्र दगड ते शोषून घेतो, उन्हात पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं. मीठ फुगलं की दगडाचा भुगा. आमच्या अलिबागच्या घराच्या भिंतीला लागायचा तोच लोणा!

नसीफ वाड्यासमोर एक जुना कडुनिंब आहे. एकेकाळी म्हणे अख्ख्या जेद्दात तेवढंच झाड होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. शेजारच्या गल्लीतल्या एका भिंतीवरून बोट फिरवलं, तर बोटाला पांढरं पीठ लागलं.

हल्ली पावसाचा इशारा आला की गाडी काढत नाही. आईला ते खिडकीचं अजून सांगितलेलं नाही.