मनाची वाट न पाहता

कराड,
गुरुवार, रात्री

ती. दादा,


फोनवर तू ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देतोस, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

ईसीजी, टूडी इको, शुगर सगळं नॉर्मल आलं तेव्हा आम्ही हुश्श केलं आणि तू आणखीच खचलास. मला ते समजलं. काही सापडलं असतं तर निदान त्याला नाव मिळालं असतं. पण नाव आहे, दादा. पहाटे तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत पुन्हा डोळा लागत नाही, कपडे अंगावर ढगळ झालेत, शब्दकोडं कोरं राहतं, द्राक्षाची छाटणी झाली तरी बागेकडे फिरकला नाहीस, गुरुवारच्या भजनातला तबला बंद. असं दोन आठवडे रोज राहिलं तरी डॉक्टर डिप्रेशनची शंका घेतात. तुझं तर दिवाळीपासून चाललंय. यात रडू येतंच असं नाही. आपल्या वयाच्या पुष्कळांची तक्रार अंगदुखी, धडधड, थकवा अशीच असते. थायरॉइड कमी पडलं किंवा बी-१२ घटलं तरी थोडंफार असंच होतं, म्हणून त्या दोन तपासण्या राहिल्यात त्या करून घे.

वहिनी म्हणाली, मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की तू म्हणतोस, ‘मन तयार झालं की जाईन. आणि जाऊन तरी काय उपयोग?’ माझं सगळं पत्र या दोन वाक्यांसाठी आहे. ‘काय उपयोग’ हे तुझं मत नाही, ते दुखण्याचंच लक्षण आहे. ज्याला हे दुखणं झालंय त्याला कशाचाच उपयोग दिसत नाही, मग डॉक्टरांचा तरी कसा दिसेल? तेव्हा मन तयार व्हायची वाट पाहणं म्हणजे जे आजारी आहे त्याचीच परवानगी मागणं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. गोव्यात ‘संगथ’ नावाची संस्था आहे. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांवर एक प्रयोग केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टरकीची पदवी नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत. भर एकाच गोष्टीवर होता: मनाला वाटो न वाटो, आधी ठरवलेलं छोटं काम करायचं. शेजाऱ्याकडे जायचं, बाजारात एक फेरी मारायची. उभारी आली तर मागाहून. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शंभरातले ६४ जण नैराश्याच्या रेषेखाली आले. ज्यांना फक्त केंद्रातले उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं.

आता औषधाच्या दुकानातलं सांगते. नैराश्यावरच्या गोळ्यांची चिठ्ठी आणणारा माणूस काउंटर रिकामा होईपर्यंत पायरीवर मोबाइल बघत उभा राहतो. मग चौघडी घातलेली चिठ्ठी सरकवतो. ‘दहाच द्या.’ पट्टी कापताना नावाचा तुकडा इकडेच राहू द्या म्हणतो. हाच माणूस बीपीची गोळी चारचौघांत मोठ्याने नाव घेऊन मागतो. आठ-दहा दिवसांनी विचारलं तर ‘फरक नाही, सोडल्या.’ अरे, फरक पडायलाच दोन ते चार आठवडे लागतात! मळमळ, तोंडाला कोरड, जो काही त्रास असतो तो आधीच्या दिवसांत. म्हणजे यांनी त्रास सोसला आणि गुण यायच्या वेळी पाठ फिरवली. सवय लागते का, हेही सगळे विचारतात. झोपेच्या गोळ्यांची लागते तशी यांची चटक लागत नाही. पण मनाने एकदम सोडायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायला सांगतात.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, घरचं, चालू औषधं, सगळं विचारतील. जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारतील. खरं ते सांग. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट असलेला मोकळा होतो. मीच विचारते, दादा: येतो का असा विचार? येत असेल तर शनिवारच्या भेटीपर्यंत थांबू नकोस. रात्री दोन वाजता का असेना, मला उठव. नाहीतर १४४१६ लाव. ही सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. बोलून उपचार करणारे बहुधा वेगळे असतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर विचारायला लाजायचं नाही. समुपदेशकाची पाटी हल्ली कुणीही लावतं. तुला ते बोलणं आवडेल असं मला आपलं वाटतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली एक पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. तिच्यात माणसाचे विचार तपासायला घेतात. तू गणितात पायरी गाळणाऱ्याचे मार्क कापायचास ना? तसंच. ‘आपल्या विशालने फोन केला नाही, म्हणजे मी सगळ्यांना ओझं झालोय.’ मधल्या पायऱ्या दाखव, असं ते विचारतात. दोन भेटींत सूर जुळला नाही तर माणूस बदलायचा, उपचार नाही.

भावकीत कळेल ही धास्ती सोड. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि मिरजेला माणूस दवाखान्यालाच जातो, तुमच्या तासगावात कुणी ‘कुठल्या?’ म्हणून विचारत बसणार नाही. दासबोध रोज वाचतोस तो वाच. औषध त्याच्या आड येत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी मिरज स्टेशनला उतरते. विशाल तुला घेऊन येईल. नंबर मी लावून ठेवलाय. जुने रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाक. त्या दिवशी उठावंसं वाटणार नाही, दाढी करावीशी वाटणार नाही, विशालला ‘आज राहू दे’ म्हणशील. त्याला सांगून ठेवलंय की ऐकायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, स्वतःहून आलात का, तर खुशाल सांग, धाकट्या बहिणीने ओढून आणलं. तसे आलेलेही बरे होतात.

वहिनीला नमस्कार. तिचीही झोप तुझ्याबरोबरच गेलीय, तेही डॉक्टरांपुढे बोलूया.

तुझी,
शालू