बाबांच्या ट्रंकेतला डबा

बाबांची पोस्टिंग राणीखेतला असल्याने माझी उन्हाळी सुट्टी कुमाऊंत गेली. जूनमध्ये तिथे रामगढचे पीच येतात. तिकडे त्यांना ‘आडू’ म्हणतात. पिकलेले फळ फार टिकत नाही, म्हणून आई आणि मी क्रिस्प करायला घेतला.

किलोभर पीचच्या फोडींना थोडी साखर आणि लिंबू लावले. एक वाटी ओट्स, अर्धी वाटी कणीक आणि अर्धी वाटी साखर यांत 100 ग्रॅम बटर बोटांनी चोळले. बटर थंड असले की चुरा मोकळा होतो. तो फोडींवर पसरून 180 अंशांवर 40 मिनिटे भाजले. बाबांनी दोनदा मागून घेतले.

पुढच्या आठवड्यात ते सीमेवर निघणार होते. पीच तिथवर टिकले नसते, चुरा टिकतो. आईने थोडा वेगळा भाजून डब्यात भरला. बाबांच्या ट्रंकेत, स्वेटरांखाली, तो मी ठेवला.