हेमार्केटच्या पुढची वाट

एखाद्या शहराशी ओळख करून घ्यायची तर ते शहर बघायला म्हणून जाऊ नये, दुसऱ्या कशासाठी तरी जावं. लग्नाला जावं, परीक्षेला जावं, कुणा आजाऱ्याला भेटायला जावं, नाहीतर सामना बघायला जावं. बघायला आलेल्या माणसासमोर शहर नटून बसतं. जे बघण्यासारखं म्हणून ठरून गेलेलं असतं तेवढंच पुढे करतं, आणि माणूसही यादीतल्या नावांवर खुणा करत घरी परततो. निमित्त घेऊन आलेल्याला मात्र शहराच्या रस्त्यानं, शहराच्या वेळेला, शहराच्या माणसांबरोबर चालावं लागतं. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘आज काय निमित्त काढलंत?’ असं विचारतात. त्या विचारण्यात मोठा शहाणपणा आहे. निमित्त असलं की पाहुण्याला बसायला जागा मिळते आणि बोलायला विषय. पहिल्यांदाच स्कॉटलंडला, तेही शनिवार-रविवारपुरतं, तेही रग्बीच्या सामन्यासाठी जाणाऱ्याबद्दल लोक हळहळतात: किल्ला राहिला, राजवाडा राहिला, संग्रहालयं राहिली. मला ही हळहळ अनाठायी वाटते. एडिंबरात पहिल्यांदा शिरायला फेब्रुवारीतल्या शनिवारचा मरेफील्डवरचा सामना हे फार चांगलं दार आहे, आणि ते का, हे नीट मांडून सांगण्याजोगं आहे.

आधी वाट पाहू. वेव्हर्ली स्टेशनला नाव मिळालं सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून, आणि ते आहे दोन शहरांमधल्या खोलगटात. एका अंगाला कड्याच्या पाठीवर चढत गेलेलं जुनं शहर, उंच घरांचं आणि घरांमधल्या अंधाऱ्या बोळांचं. दुसऱ्या अंगाला १७६७ साली जेम्स क्रेग या तरुण वास्तुकारानं आखून दिलेलं सरळ रस्त्यांचं नवं शहर. मधल्या सखल भागात पूर्वी घाण पाण्याचं तळं होतं. ते उपसून तिथं बागा झाल्या. स्टेशनातून वर येऊन प्रिन्सेस स्ट्रीटनं पश्चिमेला चालू लागलं, की डावीकडे बागेच्या पलीकडे, विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर किल्ला दिसतो. त्याच्यासाठी थांबलं नाही तरी तो बराच वेळ सोबत चालतो. दुपारी एक वाजता तिथून तोफ उडते. हा रिवाज १८६१ पासूनचा; लीथ बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळं लावून घेता यावीत म्हणून सुरू झालेला. आवाजालाही वाट चालायला वेळ लागतो, म्हणून तोफेचा बार शहराच्या कुठल्या भागात किती सेकंदांनी पोचतो हे दाखवणारे नकाशेही तेव्हा छापले गेले. मरेफील्डपर्यंत सात-आठ सेकंद लागत असतील. बार ऐकून दचकतो तो नवखा, आणि ज्याचा हात नुसताच मनगटाकडे जातो तो गावचा, असं खुशाल समजावं. पुढे हेमार्केट लागतं. तिथल्या चौकात घड्याळाचा एक मनोरा आहे. हार्ट ऑफ मिडलोथियन या फुटबॉल क्लबचं ते युद्धस्मारक. १९१४च्या नोव्हेंबरात, संघ स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे असताना, या क्लबचे खेळाडू एकत्र जाऊन सैन्यात भरती झाले आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. रग्बीला निघालेली गर्दी फुटबॉलच्या या स्मारकाजवळून पुढे सरकते. मग रस्त्याच्या एका बाजूला डोनल्डसन्स नावाची, राजवाड्यासारखी दिसणारी जुनी शाळेची इमारत, मग रोझबर्न, मग वॉटर ऑफ लीथ ही छोटीशी नदी, आणि नदीला लागूनच स्टेडियम. सगळी मिळून तीनेक किलोमीटर. २०१४ पासून ट्राम स्टेडियमच्या दाराशी नेऊन सोडते, पण पायी जाणाऱ्याला जे मिळतं ते ट्राममधल्याला मिळत नाही. कुणालाही वाट विचारावी लागत नाही, गर्दीच वाट असते. आणि ती गर्दी तिथल्या माणसांची असते.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सामन्याच्या दिवशीचं शहर म्हणजे खरं शहर का? सुमारे पाच लाख वस्तीच्या गावात स्टेडियम ६७,००० माणसांचं. त्या दिवशी पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हॉटेलांचे दर चढलेले असतात, रस्त्यांवर निळे स्कार्फ आणि किल्ट. हे सणाचं शहर झालं, रोजचं नव्हे. पण रोजचं शहर परक्याला भेटणार कसं? मंगळवारी सकाळी शहर आपापल्या कामात असतं. त्याला तुमच्याकडे बघायला सवड नसते आणि तुम्हाला त्याच्यात शिरायला फट नसते. राहता राहिले सण, आणि सणांतही फरक असतो. १९४७ पासून एडिंबरात ऑगस्टमध्ये नाट्य-संगीताचे महोत्सव भरतात. ते थोर आहेत, पण त्या महिन्यात शहर यजमान असतं, जग पाहुणं असतं, आणि यजमान पाहुण्यांची सरबराई करता करता दमलेला असतो. फेब्रुवारीत तसं नसतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधारून येतं, समुद्रावरून बोचरा वारा येतो, आणि अशा दिवशी जो घराबाहेर पडतो तो स्वतःच्या ओढीनं पडतो. हा सण शहर स्वतःसाठी करतं. आपल्या गावची जत्रा बाहेरच्याला दाखवायला भरत नाही, भरते म्हणून बाहेरच्याला दिसते, तसंच हे. गर्दी, महागाई, दारू यांच्याबद्दलची तक्रार खोटी नाही. पण स्टेडियमात गेल्यावर दिसतं, की दोन्ही देशांचे पाठीराखे शेजारी शेजारी बसलेले असतात, मध्ये कठडे नसतात. पेनल्टीची किक मारायला खेळाडू चेंडू मांडतो तेव्हा, तो विरुद्ध संघाचा असला तरी, शांत राहावं असा या खेळाचा जुना संकेत आहे. संकेत नेहमीच पाळला जातो असं नाही, पण तो आहे आणि मोडला तर लोकांना वाईट वाटतं. एखाद्या समाजाला कशाचं वाईट वाटतं हे कळलं, की त्या समाजाबद्दल बरंच कळलेलं असतं.

सामना निवडायचा तो रग्बीचाच का, याचं उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. १७०७ साली स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. कायदा, चर्च आणि शिक्षण एवढं स्कॉटलंडनं आपल्याकडे राखलं, राज्य गेलं. देश आहे पण राज्य नाही, अशा समाजाला आपण एक आहोत हे कुठे दाखवायचं, हा प्रश्न असतो. १८७० च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या पाच क्लबांच्या कर्णधारांनी वर्तमानपत्रातून इंग्लंडला जाहीर आव्हान दिलं, आणि २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरातल्या रेबर्न प्लेस या क्रिकेटच्या मैदानावर जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. एका बाजूला वीस खेळाडू, बघायला सुमारे चार हजार माणसं, आणि स्कॉटलंड जिंकलं. मरेफील्ड उघडलं २१ मार्च १९२५ रोजी, तेही इंग्लंडला १४-११ असं हरवून. १ मार्च १९७५ रोजी वेल्सविरुद्धच्या सामन्याला तिथं १,०४,००० माणसं दाटली होती. एडिंबरात स्कॉटलंडची संसद पुन्हा भरली १९९९ साली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत या देशाला एका जागी जमून एका आवाजात बोलायची सवय राहिली असेल, तर ती अशा मैदानांनी जपली, असं मला वाटतं. ‘फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड’ हे गाणं बघा. १९६०च्या दशकात द कॉरीज या लोकगीतं गाणाऱ्या जोडीतल्या रॉय विल्यमसननं ते रचलं. विषय १३१४ची बॅनकबर्नची लढाई. कुठल्याही कायद्यानं त्याला राष्ट्रगीत ठरवलेलं नाही. १७ मार्च १९९० रोजी मरेफील्डवर इंग्लंडविरुद्ध, विजेतेपदाचा फैसला करणाऱ्या सामन्याआधी कर्णधार डेव्हिड सोल आपल्या संघाला धावत न आणता सावकाश चालत मैदानावर घेऊन आला. हे गाणं झालं, आणि स्कॉटलंड १३-७ जिंकलं. आता पहिल्या कडव्याला बॅगपाइपची साथ असते आणि पुढच्या कडव्याला वाद्यं थांबतात. हजारो माणसं नुसत्या गळ्यानं गातात. मैदान मोठं असल्यानं एका कोपऱ्यातला सूर दुसऱ्या कोपऱ्यात किंचित मागाहून पोचतो, आणि सगळं गाणं जरासं हलत्या पाण्यासारखं होतं. एवढी एक गोष्ट ऐकायला हजारो मैल गेलं तरी खर्च वाया गेला म्हणता येणार नाही. गाणं अलीकडचं, म्हणून भावना उसनी, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की सगळीच गाणी कधीतरी नवी होती. ती जुनी होतात गाणाऱ्यांमुळे.

याहून अवघड आक्षेप वर्गाचा आहे. स्कॉटलंडमध्ये सामान्य माणसाचा खेळ फुटबॉल. एडिंबरातली रग्बी वाढली ती एडिंबरा अ‍ॅकॅडमी, मर्चिस्टन अशा फी भरून शिकायच्या शाळांत आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांत. मग मरेफील्डवर दिसतो तो सगळा देश, की त्यातला सुखवस्तू तुकडा? आक्षेप निम्मा खरा आहे आणि तो झाकून ठेवायचं कारण नाही. दुसरा निम्मा मात्र दक्षिणेच्या बॉर्डर्स भागात सापडतो. हॉइक, गालाशील्स, मेलरोझ ही लोकरीच्या गिरण्यांची आणि मेंढपाळीची लहान गावं. तिथं रग्बी गिरणीकामगारांनी आणि शेतकऱ्यांनी खेळली. सात-सात खेळाडूंची आटोपशीर रग्बी, जी आज ऑलिंपिकमध्ये खेळतात, ती १८८३ साली मेलरोझला जन्मली; क्लबाच्या गंगाजळीसाठी नेड हेग नावाच्या खाटकानं ती सुचवली. या गावांना एडिंबराशी जोडणारी रेल्वे १९६९ साली बंद झाली. लोक जवळजवळ अर्धशतक ती परत मागत राहिले, आणि २०१५च्या सप्टेंबरात तिचा मेलरोझजवळच्या ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा पुन्हा सुरू झाला. हॉइकला अजूनही रेल्वे नाही. म्हणून सामन्याच्या सकाळी वेव्हर्लीत बॉर्डर्सची गाडी लागते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्यांकडे नीट बघावं. शहरातला वकील आणि गावाकडचा मेंढपाळ हेमार्केटच्या पुढे एकाच फुटपाथवर असतात. ते समान होतात असा माझा दावा नाही. एकाच वाटेवर येतात एवढंच म्हणणं आहे, आणि शहराचा अंतर्विरोध असा उघड्यावर एकत्र दिसणं, ही पहिल्या भेटीत दुर्मीळ गोष्ट आहे.

भारतातून गेलेल्या माणसाला या वाटेवर आणखी एक ओळखीची वस्तू भेटते. इंग्लंड-स्कॉटलंड सामना ज्यासाठी खेळतात त्या चषकाचं नाव कलकत्ता चषक. १८७०च्या दशकात कलकत्त्यातल्या गोऱ्या लोकांनी रग्बीचा क्लब काढला. हवा मानवेना, पलटण बदलून गेली, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि १८७८ साली क्लब मिटला. बँकेतली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले आणि चषक घडवून लंडनच्या रग्बी युनियनला दिला. काम भारतीय कारागिरीचं. तीन मुठी म्हणजे फणा काढलेले तीन नाग, आणि झाकणावर हत्ती. त्याच्यासाठीचा पहिला सामना १८७९ साली, पुन्हा रेबर्न प्लेसलाच, आणि तो अनिर्णित राहिला. १९८८ साली सामन्यानंतरच्या रात्री खेळाडूंनी हा चषक प्रिन्सेस स्ट्रीटवर नेला आणि त्याची नासधूस झाली. तो दुरुस्त करावा लागला. ही हकिगत तिकडे हसत सांगतात. मला तिच्यात हसू येत नाही. जे रुपये आटवले ते बंगालच्या बाजारात हातोहात फिरलेले होते. ते कुणाच्या कष्टाचे, कुणाच्या साऱ्याचे, हे चषकावर कोरलेलं नाही. नागांची नक्षी करणाऱ्याचंही नाव नाही. पण म्हणून आपण या सामन्याकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. उलट, ज्याच्या देशाची चांदी तिथं उचलून धरली जाते, त्याला त्या मैदानावर परकं वाटायचं कारण नाही. ओळख सांगायचा त्याचा हक्क आहे, आणि हिशोब लक्षात ठेवायचाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा: दोन दिवसांत शहर कळतं का? याच्या उत्तरासाठी पॅट्रिक गेडिसकडे जायला हवं, आणि तो आपलाही माणूस आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून आला तो हाच, गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. त्याआधी १८९२ साली त्यानं एडिंबरात, किल्ल्याच्या पायथ्याशी, आउटलुक टॉवर ताब्यात घेतला होता. तिथं आधी अगदी वर जायचं, शहर एका नजरेत घ्यायचं, आणि मग एकेक मजला उतरत शहराकडून स्कॉटलंड, युरोप आणि जग असं बघत यायचं. गेडिसचं म्हणणं आधी सगळं बघा, मग हात लावा. आणि मी तर पाहुण्याला थेट खोल वाटीसारख्या स्टेडियमात नेऊन बसवतो आहे. हा विरोध वाटतो तेवढा नाही. एका वेळी समग्र शहर बघायचे दोन मार्ग आहेत, उंचावरून त्याचे रस्ते बघणं किंवा एका जागी त्याची माणसं बघणं. गेडिसनं त्या मनोऱ्यात एक लहान खोलीही ठेवली होती, जवळजवळ रिकामी, चिंतनासाठी; बाहेरचं एवढं बघून झाल्यावर थोडं आत बघायला. शनिवार-रविवारच्या फेरीत ती खोली म्हणजे रविवार.

रविवारी हेमार्केटचा चौक रिकामा असतो आणि घड्याळाच्या मनोऱ्यावरची अक्षरं निवांत वाचता येतात. ज्यांना पाय साथ देतात ते आर्थर्स सीटच्या २५१ मीटर उंचीच्या टेकडीवर चढतात आणि तिथून पश्चिमेला नजर टाकून कालचं स्टेडियम शोधतात. वारा अंगावर घेत, घशात अजून कालच्या गाण्याची खरखर. दुपारचा एक वाजतो आणि तोफ उडत नाही, कारण रविवारी ती उडवत नाहीत. काल जो दचकला होता त्याचा हात आज आपसूक मनगटाकडे जातो. मग टेकडी उतरून स्टेशन गाठायचं. स्टेशनाच्या डोक्यावर बॅल्मोरल हॉटेलचं मोठं घड्याळ आहे. कुणाची गाडी चुकू नये म्हणून ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात. ते बघून जिना उतरताना परक्याची घाई होते; त्याच्या शेजारून गावची माणसं, ती तीन मिनिटं ठाऊक असल्यानं, सावकाश चाललेली असतात.