फूल नका बघू, फुलाची पाठ बघा!

स्मिथिया! ऐकलंय कधी हे नाव? नसेल ऐकलं. मीही ऐकलं नव्हतं, आणि आता आमच्या घरात दुसरा विषय नाही. जेवताना मी तोंड उघडलं की घरचे आधीच म्हणतात, "कळलं, कवला!"

आधीच सांगून टाकते, मला यातलं काही कळत नाही. मी कॉमर्सवाली. निदलपुंज हा शब्द मी शाळेत शिकले असणार, पण तो फक्त पाच मार्कांसाठी. तेव्हा जाणकारांनी कृपया पुढचं पान उलटावं. बाकीच्यांनी माझ्यामागे यावं. पाय भिजतील, एवढंच!

कास पठार तुम्हाला माहीतच आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, सप्टेंबरात तुफान गर्दी, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. तिथून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फूल असतंच. इवलंसं, पिवळंधमक, मागच्या उभ्या पाकळीवर दोन लाल ठिपके. मिकी माऊस! म्हणजे आपला कवला, शास्त्रीय नाव स्मिथिया हिरसुटा. मीही फोटो काढला. झालं, पुढे! पण आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी, शाळेतून निवृत्त झालेल्या, वाटेच्या कडेला वाकून बसल्या होत्या त्या उठेचनात. मला म्हणाल्या, "अगं, फूल काय बघतेस? फुलाची पाठ बघ!" आणि हातात भिंग दिलं.

संपलं! तिथेच मी कामातून गेले!

फुलाच्या पाठीशी एक हिरवी वाटी असते. तोच तो पाच मार्कांचा निदलपुंज. वाटाण्याच्या फुलाला त्या वाटीला पाच दाते असतात. आणि इथे? इथे दोन ओठ! वर एक, खाली एक, आणि मधून पिवळं फूल बाहेर डोकावतंय. आणि त्या ओठांवर शिरा! कुणाला वाटेल, शिरा तर शिरा, त्यात काय एवढं? पण सगळी गंमत तिथेच आहे हो! काही कवल्यांच्या ओठांवर शिरा एकमेकींना समांतर, सरळ रेघा मारल्यागत चालतात, आणि काहींच्या शिरा फाटे फोडत एकमेकींत गुंतून जाळी विणतात. हिरसुटाची जाळी. भाताच्या बांधावर सापडते त्या सेन्सिटिव्हाच्या रेघा, आणि वाटी हाताला कडक. म्हणजे लांबून दोघी पिवळ्या, दोघी ओल्या जागेतल्या, दोघींना कवलाच म्हणतात, आणि पाठ फिरवली की दोघी वेगळ्या! मी तिथल्या तिथे ओरडले. आजूबाजूच्या दोन-तीन जणांना वाटलं साप निघाला.

आणि मग चाळाच लागला. कासला एकही फूल तोडायचं नाही, तोडूही नये, तेव्हा मी कडेकडेने नुसती वाकत गेले, आणि मग एक जांभळी दिसली, मागच्या पाकळीवर पांढरे डाग असलेली, ती परप्युरिया, तिला तर माझ्यासारखीनेही ओळखावं, आणि मग एक पिवळी, जिच्या पानाला मोजून चारच पर्णिका, दोन जोड्या, बस्स, ती बायजेमिना, आणि मग उतारावर एक कमरेएवढी वाढलेली, दांड्यावर बोटाला टोचतील असे राठ केस, ती सेट्युलोसा, आणि मग मावशी म्हणाल्या, "अगं, जेवायचं नाही का?"

जेवण कुठलं!

या तिघींतल्या दोघींना, आणि मिकी माऊसलाही, नावं देणारा माणूस होता डॅल्झेल. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात होता, आणि १८६१ साली गिब्सनबरोबर त्याने इथल्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक काढलं. अख्ख्या प्रजातीला नाव मिळालं ते जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज साहेबाचं. लिनियसचा सगळा संग्रह विकत घेणारा तोच हा. आपल्या सड्यांवर त्याचं पाऊल कधी पडलं नाही, पण फूल मात्र त्याच्या नावावर! मला जरा रागच आला. पण मग कळलं की एक स्मिथिया आघारकरी आहे. आघारकर! मालवणला १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांच्या नावाची संशोधन संस्था पुण्यात आहे. (आगरकर वेगळे. इतकी वर्षं मी दोघांना एकच समजून पुण्यात सुखाने राहत होते!) ही आघारकरी सह्याद्रीच्या पठारांवरची, अगदी मोजक्या जागी उगवणारी. मला अजून दिसलेली नाही. कुणाला दिसली तर तोडू नका, फक्त मला कळवा!

आता फूल उघडून बघायचंच होतं. तेव्हा मुळशीकडच्या एका ओळखीच्या शेतकरी काकांना विचारून त्यांच्या बांधावरची सेन्सिटिव्हा घेतली. काका म्हणाले, "न्या की, गवत तर आहे!" गवत! काका, हे भुईमुगाचं भावंड आहे हो! खरंच! कवला, भुईमूग, शिसव आणि बिबळा ही सगळी शेंगांच्या कुळातल्या एकाच शाखेतली मंडळी. काका माझ्याकडे बघत राहिले. मग चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी सुईने पाकळ्या बाजूला केल्या. आत दहा पुंकेसर. वाटाणा घ्या, चवळी घ्या, त्यांच्यात नऊ जण एकत्र आणि दहावा एकटा. आणि इथे? पाच आणि पाच! बरोब्बर दोन जुड्या! मी तीनदा मोजले, मग काकांना मोजायला लावले, काकांनी चष्मा आणला, त्यांचेही पाच आणि पाच! आणि मग शेंग! ती दिसतच नाही, कारण वाळलेल्या वाटीच्या आतच दडलेली असते, आणि सुईने ओढली तर हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्या घातलेली! एकेका घडीत एकेक दाणा! आणि हे सगळं एवढ्याशा जागेत!

तेवढ्यात बांधाच्या खालच्या अंगाला, भाताच्या पाण्यात, छातीएवढं वाढलेलं एक झाड. पानं तशीच बारीक, पण पर्णिका कितीतरी जास्त, फूल फिकट पिवळं. यालाही स्मिथिया म्हणणार होते, पण आता मी सावध झाले होते! शेंग बघितली. सरळ, कांड्याकांड्यांची, वाटीबाहेर खुशाल लोंबणारी. म्हणजे ही एस्किनोमिनी इंडिका, कवल्याची चुलत बहीण. शेंग दडलेली आणि दुमडलेली तर स्मिथिया, बाहेर आणि सरळ तर एस्किनोमिनी. इतकं सोपं! हे मला कॉमर्सला का नाही शिकवलं?

आणि या सगळ्या ओल्यातच का? कातळसड्यावर माती बोटभर, पावसात पाणी साचतं, दिवाळीनंतर सगळं कोरडं. अशा उपाशी मातीत नत्र आणायचं कुठून? शेजारची सीतेची आसवं सरळ पाण्यातले बारीक जीव खाते. हो, खाते! आणि कवला मुळांवरच्या गाठींत जिवाणू पाळतो आणि हवेतलं नत्र मिळवतो. एकाच डबक्याच्या काठावर दोघांच्या दोन तऱ्हा!

जुलैत ठाणे-रायगडकडच्या बाजारात याच कवल्याची जुडी मिळते, कांदा-लसूण आणि डाळ घालून भाजी फार छान होते. पण तेव्हा फुलं नसतात, म्हणजे जुडीत नक्की कोण आहे ते ओळखायचं पानांवरून. एका पानाला किती जोड्या, देठाशी केस कसले. भाजीवालीपुढे भिंग काढायला लाज वाटत असेल तर मी येते बरोबर, मला अजिबात वाटत नाही. आणि कॉन्फर्टा अजून राहिलीच की! तिच्याही वाटीवर रेघाच, पण फुलं फांदीच्या टोकाला दाटीवाटीने, सेन्सिटिव्हासारखी बगलेतून सुटी सुटी नाहीत. काकांच्या वरच्या खाचरात असणार असा मला दाट संशय आहे. रविवारी सकाळी लवकर निघू. जुने बूट घाला, आणि सुई मी घेते, तुम्ही फक्त चष्मा विसरू नका!